खुनी आधीच ओळखला, म्हणून काय झालं?

(शेवट माहीत नसेल तर पुढे वाचू नका.) 'व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स' या कोरियन मालिकेतला खुनी प्रेक्षकांनी आधीच ओळखला, म्हणून उलगडा फसला, हे तिच्यावरच्या लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. ह्यूंगसिकवर संशय आमच्याही घरात होताच. हार्डवेअरवाला, पडेल ती दुरुस्ती करणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि मांजर दिसत नाही तिथे मांजरांचं खाणं ठेवणारा! पण मग त्याचा बाप पुढे येऊन गुन्हा अंगावर घेतो आणि आपण चक्क गप्प बसतो. आईने तर 'बघ, मी म्हटलं नव्हतं, म्हाताराच आहे' म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं.

आणि खरी मजा नावात नव्हतीच हो. २०१९ची ही मालिका खुनी कोण यापेक्षा नायिका डोंगबेक किती दिवस घाबरून जगणार, यावर उभी आहे. शेवटी खरा खुनी ह्यूंगसिक समोर असताना ती पोलीस असलेल्या प्रियकराची वाट बघत बसत नाही, बिअरचा मग सरळ त्याच्या डोक्यात घालते. वर तिला इतकी वर्षं टोमणे मारणाऱ्या गल्लीतल्या बायकाच त्याला बदडायला धावतात. लेखात या प्रसंगावर एक ओळ नाही, कमाल आहे!