कबुतरांच्या नावावर काहीही खपवू नका राव

तो मेसेज परत फिरायला लागलाय, 'स्किनरच्या प्रयोगात सगळी कबुतरं अंधश्रद्धाळू झाली, आपल्या नाचामुळेच दाणे मिळतात असं मानायला लागली, माणसांचंही डिट्टो तेच, पण फक्त अडाणी लोकांचं, आणि एकदा फळ मिळालं नाही की आपोआप सुटतं.' आता योगायोगाने मिळालेल्या बक्षिसाने सवय लागू शकते हे ठीक, पण बाकी बरंच तिखटमीठ आहे.

सगळी नाही, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या 1948 च्या त्या पेपरात 8 कबुतरं होती आणि ठळक चाळे दिसले 6 जणांत. पक्षी काहीही करो, दर 15 सेकंदांनी दाणे समोर, मग कोणी गोल फिरतंय, कोणी पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसतंय. आणि 'मानायला लागली' कुठून आलं? जणू काही संबंध आहे असं पक्षी वागतो, एवढंच स्किनर म्हणाला, कबुतराच्या मनात शिरायचा त्याचा धंदाच नव्हता.

खरी गंमत तर मेसेजवाले कधी सांगतच नाहीत. 1971 मध्ये स्टॅडन आणि सिमेलहॅग या संशोधकांनी हाच प्रयोग परत केला, पक्षी कुठल्या क्षणाला काय करतो ते बारकाईने नोंदवलं, तर दाण्यांची वेळ जवळ आली की बहुतेक सगळे चोच मारायला लागायचे आणि इकडेतिकडे फिरणं वगैरे त्याच्या आधी. म्हणजे प्रत्येकाची वेगळी 'पूजा' नाहीच, भुकेलं कबुतर दाण्यांची वाट बघताना जे करतं तेच. त्यामुळे सगळ्यात गाजलेलं उदाहरणच वादात आहे.

माणसांचा पुरावा त्यापेक्षा रंगतदार, आणि 'फक्त अडाणी' तिथेच उडतं. 1987 मध्ये जपानमध्ये ओनो नावाच्या संशोधकाने युनिव्हर्सिटीच्या 20 विद्यार्थ्यांना तीन लिव्हरसमोर (ओढायच्या दांड्यांसमोर) बसवलं, पॉइंट लिव्हरशी संबंध नसताना आपोआप पडत होते. बहुतेकांनी काही ना काही पॅटर्न धरला, पण टिकला मोजक्यांचाच. एक मुलगी तर लिव्हर सोडून खोलीतल्या वस्तूंना हात लावत सुटली, पॉइंट पडत गेले, शेवटी हातात स्लिपर घेऊन छताला लावायला उड्या मारत होती!

राहिलं 'आपोआप सुटतं'. उडी मारायचा चाळा लागलेल्या स्किनरच्या एका पक्ष्याला हळूहळू दाण्यांसाठी एक मिनिट थांबायची सवय लावली, मग दाणे बंद केले, तरी त्याने तीच उडी 10,000 पेक्षा जास्त वेळा मारली, कारण उडी रिकामी जाणं त्याला नवीन नव्हतंच. आणि ती छताला उड्या मारणारी मुलगी थांबली ती ओनोच्या मते बहुधा दमल्यामुळे.