वर्गणी पूर्ण घेता, मग चित्र धुरकट का?

शनिवारी रात्री साडेनऊला जेवणं आटोपून बाबा लॅपटॉपसमोर बसले. त्यांना एक मराठी नाटक बघायचं होतं. ऑनलाइन व्हिडिओ सेवेची वर्षाची वर्गणी भरलेली, नेट व्यवस्थित, आणि पडद्यावर काळी चौकट. मधोमध एकच ओळ: तुमचा ब्राउझर हा व्हिडिओ चालवू शकत नाही. मी पावणेबाराला मान वर केली तेव्हा बाबा खुर्चीतच झोपले होते.

प्रचंड डोकं फिरलंय माझं.

लॅपटॉप २०१६चा, ठणठणीत. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि यातला सहाव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत नाही. म्हणजे धडधाकट यंत्र भंगारात घाला! मी नाही घातलं, विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट सिस्टिम टाकली. वायफाय लागलं, प्रिंटर लागला, देवनागरी टायपिंग लगेच सुरू झालं. मग व्हिडिओपाशीच घोडं का अडतं?

ज्याला विचारावं तो म्हणतो, सोपं आहे, एक कमांड मार. मारली. कोडेकचं, म्हणजे व्हिडिओ उलगडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, पॅकेज उतरायला लागलं आणि मध्येच टर्मिनलभर, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीभर, एक करारनामा उघडला. कसला? एरियल, टाइम्स न्यू रोमन वगैरे फॉन्टचा! मला व्हिडिओ हवाय, फॉन्ट कुणी मागितले? खाली 'ओके' लिहिलेलं, पण माउस चालत नाही, एंटर दाबलं तरी ढिम्म. आधी टॅब दाबून त्या ओकेवर जायचं, मग एंटर, मग पुन्हा 'मान्य आहे का'. हे त्या पडद्यावर कुठेही सांगितलेलं नाही. सत्तरीच्या माणसाने हे कसं ओळखावं? हेच कोडेक सुरुवातीला सिस्टिम टाकतानाही मिळतात, पण त्यासाठी एका चौकटीत टिक करावी लागते आणि ती चौकट मुळात रिकामी असते. एच.२६४ या व्हिडिओच्या प्रकारावर पेटंट आहेत म्हणून लिनक्सच्या आवृत्त्या बनवणारे डिस्ट्रोवाले हात आखडता घेतात, ते मला समजतं. पण मग चार सरळ वाक्यांत सांगा ना, की ही टिक केली नाहीत तर काय काय चालणार नाही!

एवढं करून काळी चौकट तशीच. कारण ब्राउझर स्नॅप म्हणून, म्हणजे सगळं एकाच बंद पेटीत भरून, आलेला. तो स्वतःच्या लायब्ररी स्वतःच्या पेटीत घेऊन बसतो, सिस्टिमवर टाकलेल्या कोडेककडे ढुंकूनही बघत नाही. पाऊण तास पाण्यात.

आणि खरं दुखणं कोडेकचं नव्हतंच. या सेवांचे व्हिडिओ कुलूपबंद येतात आणि ते कुलूप उघडणारा वाइडवाइन नावाचा बंदिस्त तुकडा त्या मुक्त ब्राउझरमध्ये नव्हता. दुसरा ब्राउझर टाकला, सेटिंगमध्ये डीआरएमची, म्हणजे या कुलपाच्या व्यवस्थेची, टिक केली, त्याने तो तुकडा आपसूक उतरवून घेतला, आणि नाटक सुरू झालं. मग पहिल्याच काळ्या चौकटीत 'डीआरएमचा घटक नाही' एवढं लिहायला काय जात होतं?

रविवारी सकाळी बाबांना बसवलं. दोन मिनिटांत म्हणाले, "अरे, चेहरे दिसत नाहीत रे नीट. राहू दे." लिनक्सवरच्या ब्राउझरला वाइडवाइनची सुरक्षेची सगळ्यात खालची पायरी मिळते, एल-३, आणि तिच्यावर ही सेवा स्वच्छ चित्र देतच नाही. बँकेतून पैसे मात्र पूर्ण कापले. ज्याने फुकट चोरून फाइल उतरवली, तो त्याच लॅपटॉपवर तेच नाटक लख्ख बघतोय. कुलूप कुणासाठी आहे हे? पैसे भरणाऱ्यासाठी?

हे आजचं नाही. २०१२ साली अडोबीने लिनक्सवरच्या फायरफॉक्ससाठी फ्लॅशच्या, म्हणजे तेव्हा व्हिडिओ चालवणाऱ्या प्लगिनच्या (ब्राउझरला जोडायच्या तुकड्याच्या), नव्या आवृत्त्या थांबवल्या. पुढची चार वर्षं आम्ही ११.२ वर नुसत्या सुरक्षेच्या ठिगळांवर काढली. मायक्रोसॉफ्टचं तसंच प्लगिन सिल्व्हरलाइट लिनक्सवर आलंच नाही, त्याची जागा घेऊ पाहणारं मूनलाइट वाटेतच संपलं. आम्हाला सांगितलं, थांबा, वेबपानं लिहायची नवी भाषा एचटीएमएल ५ येऊ द्या, प्लगिनची कटकटच मिटेल. २०१७ मध्ये वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने ईएमई, म्हणजे ब्राउझरला डीआरएमशी जोडणारा दुवा, वेबचं प्रमाण म्हणून मान्य केला. त्यावर ईएफएफ ही डिजिटल हक्कांसाठी लढणारी संस्था डब्ल्यूथ्रीसी सोडून बाहेर पडली. बरोबर केलं त्यांनी. प्लगिन मागच्या दाराने आत आला, एवढंच घडलं.

ग्राहक सेवेला लिहिलं. उत्तर आलं, कृपया सपोर्टेड डिव्हाइस वापरा. वर्गणी घेताना विचारलं होतं का, डिव्हाइस कुठलं आहे म्हणून? तेव्हा कार्ड चाललं, ओटीपी चालला, लिनक्सही चाललं!

मार्चमध्ये वर्गणी संपते. ऑटो-पे मी आत्ताच बंद केलंय.