तेल गळालं, गाळाचं बघू

डांबरी वाळूची, म्हणजे तेलकट डांबर भिनलेल्या वाळूची, खाण काढून चार पैसे मिळवावेत असं कधी मनात आलं असेल, तर पुढचे सल्ले नीट वाचा. फुकट आहेत. कॅनडातल्या फोर्ट मॅकमरीत मी चौदा वर्षं काढली, घराचा हप्ता याच वाळूतून जातो, म्हणजे मला यातलं अगदीच कळत नाही असं नाही. शिवाय गेल्या महिन्यात इथल्या एका कंपनीने भरवलेल्या 'जनसंवादा'ला जाऊन आलो. चौदा वर्षांत जे कळलं नव्हतं ते त्या दीड तासात कळलं.

सगळ्यात आधी नाव. जुने लोक याला टार सँड्स म्हणायचे. तुम्ही चुकूनही म्हणू नका. ऑइल सँड्स म्हणायचं. डांबर म्हटलं की खड्डे आणि ठेकेदार आठवतात. तेल म्हटलं की घरात दिवाळी आल्यासारखं वाटतं. नावाची ताकद बघा: 1958 साली रिचफील्ड तेल कंपनीच्या मॅनली नॅटलंड या भूगर्भशास्त्रज्ञाने जमिनीखाली 9 किलोटनाचा अणुबाँब फोडायचा आणि त्या उष्णतेने डांबर पातळ करायचं, अशी योजना मांडली होती. योजनेचं नाव 'कॉल्ड्रन', म्हणजे काहील. पुढे ते बदलून 'ऑइलसँड' केलं. बाँब तोच. (योजना बारगळली. नाहीतर आज माझा पत्ता वेगळा असता.)

खणण्याबद्दल फार सांगत नाही. वरचं जंगल, दलदल, माती या सगळ्याला इथे 'ओव्हरबर्डन' म्हणतात. वरचं ओझं. एकदा ओझं म्हटलं की उतरवताना हात थरथरत नाही.

मग धुणं. हे श्रेय कार्ल क्लार्क यांचं. 1920 च्या दशकात अल्बर्टात, म्हणजे आमच्या याच प्रांतात, त्यांनी गरम पाण्याची पद्धत बसवली. गरम पाणी, थोडा कॉस्टिक सोडा आणि घुसळण. वाळू खाली बसते, डांबर हवेच्या बुडबुड्यांना धरून फेसासारखं वर येतं, तो फेस काढून घ्यायचा. ज्याने घरी ताक केलंय त्याला हे सांगायला नको. लोणी वर, ताक खाली. साधारण दोन टन वाळू उपसून धुतली की एक बॅरल तेल. 1967 साली पहिली मोठी खाण चालू झाली तेव्हापासून मूळ कल्पना हीच. खरं सांगतो, पद्धत देखणी आहे. पहिल्यांदा ते घुसळणीचं अजस्र भांडं पाहिलं तेव्हा मी खुळ्यासारखा बघत उभा राहिलो होतो.

डांबर फार खोल असेल तर खणूच नका. जमिनीखाली एकावर एक अशा दोन आडव्या विहिरी मारा, वरच्या विहिरीतून वाफ सोडा, खालचीतून वितळलेलं डांबर ओढा. रॉजर बटलर यांची ही युक्ती. याला इथे सॅग-डी म्हणतात. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना ते 'शेगडी' ऐकू आलं, आणि त्यांचंच बरोबर आहे. एक इंधन काढायला दुसरं इंधन जाळायचं, गॅसवर पाणी उकळत बसायचं, दुसरं काय?

पक्ष्यांसाठी: धुऊन उरलेलं घाण पाणी साठवायच्या तळ्यात बुजगावणी उभी करा, गॅसच्या तोफा उडवा, आणि वसंतात उशिरा बर्फ पडू नये म्हणून नवस बोला. 2008 च्या एप्रिलमध्ये सिंक्रूड कंपनीच्या तळ्यात सोळाशेवर बदकं उतरून मेली, तेव्हा तोफा अजून मांडायच्याच होत्या.

वेबसाइटसाठी: सरकारने पर्यावरणाच्या दाव्यांना पुरावा मागितला तर वेबसाइट कोरी करून टाका. 2024 च्या जूनमध्ये इथल्या बड्या कंपन्यांच्या आघाडीने नेमकं हेच केलं.

आता ताकाचं.

वाळू रगडून तेल काढण्याची म्हण आपण सगळ्यांनी शाळेत घोकली. रगडून झाल्यावर उरलेल्याचं त्या प्रयत्नवादी माणसाने काय केलं, हे म्हणीत नाही. तुम्हीही विचारू नका. पण कुणी विचारलंच, तर माहिती असावी म्हणून सांगतो. उरतं ते पाणी, वाळू, चिकणमातीचे बारीक कण, थोडं निसटलेलं डांबर आणि डांबरातूनच उतरलेली नॅफ्थेनिक आम्लं, जी माशांना मानवत नाहीत. याला टेलिंग्ज म्हणतात. वाळू गुणी असते, लगेच बसते, तिचेच बांध घालतात. माती बसत नाही. तिचे कण एकमेकांना ढकलतात, आपण घातलेला सोडा त्यांना आणखी फितवतो, आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखे अंतर राखून ते पाण्यात लटकून राहतात. दोन-तीन वर्षांत तीसेक टक्के घट्ट होतात आणि तिथेच बसकण मारतात. ताक म्हणावं तर घट्ट, दही म्हणावं तर पातळ. नुसतं सोडून दिलं तर पुढची घट्ट व्हायला कित्येक दशकं, कदाचित शतकं.

किती आहे हे? सव्वा लाख कोटी लिटरच्या वर. आपल्या मापात सांगायचं तर पंचेचाळीस टीएमसीच्या आसपास. पुण्याची चारही धरणं काठोकाठ भरली तरी एकोणतीस टीएमसी होतात. आता डोळे मिटा आणि खडकवासल्यापासून टेमघरपर्यंत सगळीकडे पाण्याऐवजी हे दही आणा. तरी पुरणार नाहीत.

उपाय आहेत, भरपूर आहेत! जिप्सम घालून हा गाळ वाळूबरोबर बसवता येतो. पॉलिमर घालून गुठळ्या करून उतारावर पातळ थर पसरवून वाळवता येतो. सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे गरगर फिरणाऱ्या यंत्रातून, पिळता येतो. तुरटी घालता येते. हो, तुरटीच! पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी आलं की आजी कळशीत दोन वेढे द्यायची तीच. सनकोअर कंपनीच्या एका पद्धतीत गाळात पॉलिमरबरोबर तुरटी घालून तो खाणीच्या खड्ड्यात सोडतात आणि वरून पाण्याचा थर द्यायचा बेत असतो. सिंक्रूडने 2012 पासून बेस माइन लेक नावाचं असं एक तळं राखलंय: खाली गाळ, वर पाणी, आणि काठावर मोजमाप करणारे शास्त्रज्ञ. मी या शास्त्रज्ञांना हसत नाही. त्यातले दोघे माझे मित्र आहेत, आणि एका सेंट्रिफ्यूजच्या पट्ट्यापाशी उणे पस्तीसमध्ये मीही उभा राहिलोय. पण प्रयोगशाळेतल्या बरणीत जमलेली गोष्ट पंचेचाळीस टीएमसीला लावायची म्हणजे पैसे लागतात, आणि घासाघीस सुरू होते ती तिथे.

ती होऊ नये म्हणून एक सोपा उपाय: गाळ इकडचा तिकडे न्या. सनकोअरचं पहिलं तळं 2010 मध्ये बुजवून, गवत पेरून, थाटात दाखवलं. त्याला नाव दिलं वापिसिव, 1719 साली डांबराचा नमुना घेऊन आलेल्या क्री या आदिवासी समाजातल्या माणसाचं. छान वाटतं बघायला, मुलांना नेलं होतं मी. त्यातला पातळ गाळ कुठे गेला? दुसऱ्या तळ्यात. पाहुणे यायच्या आधी पसारा बेडरूममध्ये कोंबून दार लावून घेणं आपल्याला काही नवीन नाही.

आणि नियम? 2009 साली इथल्या नियामकाने नियम केला: इतका टक्के गाळ अमुक वर्षापर्यंत बसवलाच पाहिजे. कंपन्यांना तो जमेना. मग 2015 मध्ये नियमच बाजूला ठेवला. विद्यार्थी नापास, म्हणून परीक्षा रद्द! नवी व्यवस्था अशी की खाण बंद झाल्यावर दहा वर्षांत गाळ 'रेडी टू रिक्लेम' असावा. रिक्लेम, म्हणजे पुन्हा धड जमीन, झालेला नव्हे, व्हायला तयार. मुलगा लग्नाला तयार आहे, मुलगी बघायचीय अजून.

अनामत रकमेचं तर विचारूच नका. पुण्यात दोन खोल्या भाड्याने घेताना घरमालक डिपॉझिट मोजून घेतो. इथे जमिनीतलं अजून न काढलेलं डांबरच तारण धरतात. साठा पंधरा वर्षांहून कमी उरला की मग हळूहळू पैसे भरायला लागायचं. म्हणजे गाय आटत आली की चाऱ्यासाठी पैसे साठवायचे.

तर गेल्या महिन्याची गोष्ट. हॉल चांगला होता, रंगीत तक्ते लावलेले, डोनट्स. मी सरळ विचारलं, "या तळ्यातला गाळ घट्ट होऊन त्यावर जंगल कधी उभं राहील? साल सांगा." गळ्यात पट्टा घातलेल्या तरुणाने हसून माझा प्रश्न पिवळ्या चिठ्ठीवर लिहिला आणि 'पार्किंग लॉट' असं लिहिलेल्या फळ्यावर चिकटवला. नंतर बघू, म्हणून. माझ्या शेजारी फोर्ट चिपेवायनहून आलेल्या एक आजीबाई होत्या. ते गाव नदीच्या प्रवाहाच्या दिशेने, उत्तरेला दोनेकशे किलोमीटरवर, बारमाही रस्ता नाही, हिवाळ्यात बर्फावरून, नाहीतर विमानाने किंवा नावेने यावं लागतं. त्यांनी विचारलं, "नदीतले मासे नातवंडांना देऊ का नको?" त्यांनाही पिवळी चिठ्ठी. माझ्या चिठ्ठीच्या खाली, जरा तिरकी.

इथे मला विनोद सुचत नाही.

या बाईंच्या गावाला हा प्रश्न हौस म्हणून पडलेला नाही. इम्पीरियल कंपनीच्या कर्ल खाणीत 2022 च्या मे महिन्यात गाळाचं पाणी झिरपताना दिसलं. जानेवारी अखेरीस आणखी 53 लाख लिटर वाहून गेलं. खरा प्रकार गावाला समजला तो 2023 च्या फेब्रुवारीत. नऊ महिने ते लोक तिथे शिकार करत होते, मासे धरत होते. आणि त्या वाहून गेलेल्या पाण्याबद्दल नियामकाने दंड केला 50,000 डॉलर. इथल्या चारशे टनी ट्रकच्या एका टायरची किंमत साधारण याच घरात असते. एक टायर!

अरे, लाज वाटू द्या जरा. जमिनीखाली किलोमीटरभर आडवी विहीर दुसरीपासून पाच मीटरचं अंतर न सोडता मारता येते तुम्हाला. ट्रक माणसाशिवाय चालवता येतात. बॅरलमागे किती सेंट वाचले ते तिमाहीला दशांशात सांगता. आणि गाळाचं साल विचारलं की 'संशोधन चालू आहे'? 1967 पासून चालूच आहे! जमत नसेल तर जमत नाही म्हणा. महाग पडतं म्हणून करत नाही, असं म्हणा. निदान ते खरं तरी असेल. आणि मासे खायचे की नाही एवढं तरी त्या बाईंच्या डोळ्यांत बघून सांगा. चिठ्ठी कसली चिकटवता? मीही त्यातलाच, माहीत आहे मला. चौदा वर्षं पगार घेतला, हा प्रश्न विचारायला तोंड उघडलं ते आत्ता. मलाही दोन शिव्या घाला हवं तर, पण साल सांगा.

दुसऱ्या दिवशी ईमेल आली: कार्यक्रमाबद्दल आपण किती समाधानी आहात, 1 ते 5 मध्ये सांगा. मी 1 दिला. 'आणखी काही सुचवायचं आहे का' या रकान्यात दोन्ही प्रश्न पुन्हा लिहिले, आजीबाईंचा आधी. आणि कॉफी गार होती, तेही लिहिलं. उत्तर आलं कालच. पुढच्या वेळी कॉफी गरम ठेवतील म्हणे.