120 चा आकडा आणि साखळीच्या मैदानावरचा पिचर

गोव्यातल्या पालकांच्या आणि प्रशिक्षकांच्या ग्रुपांवर सध्या बेसबॉलविषयी एक मेसेज फिरतोय. त्यात चार गोष्टी सांगितल्यात. सोळाव्या वर्षी पिचरचा, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणाऱ्याचा, चेंडू ताशी 120 किलोमीटरने जात नसेल तर त्याच्यावर वेळ घालवू नका. स्पिन, म्हणजे चेंडूची फिरकी, जितका जास्त, तितका चेंडू वळतो. वेग-फिरकी मोजणाऱ्या यंत्रासमोर वीस चेंडू टाकून घेतले की पोराचं भवितव्य कळतं. वेग वाढवायचा तर रोज पूर्ण जोर लावून टाकायला हवं. माझ्याकडे गोव्यातल्या साखळी गावी पिचिंग शिकायला येणाऱ्या एका मुलाच्या वडिलांनी हा मेसेज मला पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, “सर, मग काय करायचं?”

आधी वेगाचं बघू. 2008 साली भारतात झालेल्या पिचर-शोध स्पर्धेत उत्तर प्रदेशचा भालाफेकपटू रिंकू सिंग जिंकला, तो ताशी 87 मैलांच्या, म्हणजे 140 किलोमीटरच्या चेंडूवर. पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी संघाने त्याला करारबद्ध केलं. त्याने जीव तोडून मेहनत केली, पण मेजर लीग, म्हणजे अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल लीग, त्याला गाठता आली नाही. आता मेजर लीगमध्ये खेळलेल्या काइल हेंड्रिक्स या पिचरकडे बघा. त्याचा फास्टबॉल, म्हणजे पूर्ण वेगाचा चेंडूही, साधारण 88 मैलांचाच, आजूबाजूच्यांपेक्षा चार-पाच मैलांनी हळू. 2016 मध्ये त्याची धाव-सरासरी, म्हणजे दर नऊ डावांमागे त्याच्यावर निघालेल्या धावा, 2.13 होती, अख्ख्या मेजर लीगमध्ये सर्वांत कमी, आणि वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्याची सुरुवात त्याच्या शिकागो कब्ज संघाने त्याच्याच हातून केली. दोघांचा वेग जवळपास सारखा. मग फरक कुठे पडला, हे वेगाचा आकडा एकटा सांगूच शकत नाही.

तो फरक मला मैदानावर दिसला. मेसेज पाठवणाऱ्या त्या वडिलांच्या मुलाचा फास्टबॉल 112 चा, चेंजअप, म्हणजे तशाच हालचालीने टाकलेला हळू चेंडू, 99 चा. तेरा किलोमीटरची तफावत, कागदावर उत्तम. तरीही बॅटर चेंजअप आरामात मारत होते. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलं. त्याच्या मागे फुटबॉलचा गोलपोस्ट दिसतो. फास्टबॉल सुटताना हात गोलपोस्टच्या आडव्या दांड्याच्या वर होता, चेंजअपला दांड्याच्या खाली. कोपर पडत होतं, आणि बॅटरला ते चेंडू सुटायच्या आधीच कळत होतं. तीन आठवडे आम्ही फक्त तेवढंच केलं. आता दोन्ही चेंडू दांड्याच्या वरूनच सुटतात. वेग एका किलोमीटरनेही वाढलेला नाही, पण तेच बॅटर आता आधीच बॅट फिरवून बसतात. मोठी यंत्रं हाताशी असली तरी मी पोराचा सुटण्याचा बिंदूच आधी बघेन, वेग नंतर.

स्पिनचा दावा अर्धाच खरा आहे. चेंडू रायफलच्या गोळीसारखा प्रवासाच्या दिशेभोवतीच फिरत असेल, तर मिनिटाला 2500 फेरे असले तरी तो फिरकीमुळे फारसा वळत नाही. फिरकीचा अक्ष कुठे झुकलाय, त्यावर वळण ठरतं. घरी बघायचं तर चेंडूवर मार्करने एक जाड पट्टा काढा. हवेत तो स्थिर, एकसंध दिसला तर फिरकी स्वच्छ आहे. डगमगला तर पकड तपासा.

वीस चेंडूंत भवितव्य? जून-जुलैत आमच्याकडे बोटं घामाने ओली, चेंडू दमट. मेजर लीगमध्ये 2022 पासून सगळ्या मैदानांवर चेंडू ठरावीक आर्द्रतेत ठेवतात, ते उगीच नाही. त्यातून पंधराव्या-सोळाव्या वर्षी पोरं भराभर उंच होतात, सगळा हिशेब बदलतो. एका दुपारचे आकडे म्हणजे त्या दुपारचे आकडे.

रोज पूर्ण जोर लावायच्या सल्ल्याचा मात्र मला राग येतो, कारण त्यात पोराचं कोपर जातं. मेजर लीग बेसबॉलच्याच ‘पिच स्मार्ट’ नियमावलीत 15-16 वयाला दिवसाला जास्तीत जास्त 95 चेंडू, आणि 76 किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती सांगितलीय. डिसेंबर 2024 मध्ये त्यांनी पिचरांच्या दुखापतींवर अहवाल काढला, त्यातही कमाल वेगाच्या मागे लागणं हे प्रमुख कारणांत आहे. ज्यांच्याकडे जगातली सगळी यंत्रं आहेत ते हे म्हणतायत.

त्या वडिलांना मी उत्तर पाठवलं: शनिवारी त्याने 52 चेंडू टाकलेत, म्हणून रविवार-सोमवार हात पूर्ण मोकळा ठेवा. मंगळवारी पाठवा, मार्कर घेऊन.