चोवीस शब्दांचा कागद की फोनमधला फोटो? लातूरहून आलेल्या आक्षेपांना उत्तर

सस्नेह नमस्कार,

हार्डवेअर वॉलेट, म्हणजे क्रिप्टो हलवण्याची गुप्त किल्ली इंटरनेटपासून दूर ठेवणारे छोटे यंत्र, कसे सुरू करावे आणि कसे वापरावे, यावरच्या माझ्या लेखाला आपण लातूरच्या मोंढ्यातली आडत सांभाळून इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपला पहिला आक्षेप असा, की केवायसी केलेली, सरकारकडे नोंद असलेली, क्रिप्टोची खरेदी-विक्री आणि साठवण करून देणारी एक्स्चेंज असताना सामान्य माणसाला काही हजारांचे यंत्र घ्यायला सांगणे योग्य नाही. दुसरा असा, की बायबिटसारख्या मोठ्या एक्स्चेंजकडे हीच यंत्रे होती आणि तरीही तिथे चोरी झाली. तिसरा आणि सर्वांत तीव्र आक्षेप, यंत्र जे तयार करते आणि ज्यांवरून ती किल्ली पुन्हा उभी करता येते, त्या कागदावरच्या चोवीस शब्दांना आहे. एका चिठ्ठीवर घरची पुंजी टांगणे हा अविचार असून, आपल्या चिरंजीवांनी त्या शब्दांचा फोटो फोनमध्ये ठेवला आहे तेच शहाणपणाचे, असे आपण म्हणता. क्रिप्टो घ्यावे की घेऊ नये, हा माझ्या लेखाचा विषय नव्हता आणि या उत्तराचाही नाही. ज्यांनी ते आधीच घेतले आहे त्यांनी ते कसे सांभाळावे, एवढ्यापुरतेच मी लिहीत आहे.

एक्स्चेंजपासून सुरुवात करतो. मार्च २०२३ पासून आपल्याकडच्या एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला आणि त्यांना फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते, हे आपले म्हणणे बरोबर आहे. परंतु या नोंदणीचा हेतू संशयास्पद व्यवहारांची माहिती सरकारपर्यंत पोहोचावी हा आहे. ग्राहकाच्या रकमेची हमी तीत कुठेही नाही. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण असते, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसते, आणि हा फरक छत्रपती संभाजीनगरच्या आदर्श पतसंस्थेच्या व बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या ठेवीदारांना केवढ्या किमतीला कळला, हे मराठवाड्यात कोणाला सांगावे लागत नाही. एक्स्चेंजवर दिसणारा आकडाही असाच दुसऱ्याच्या वहीतला आकडा असतो. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली, पैसे काढणे थांबले, आणि सिंगापूरच्या न्यायालयातून पुनर्रचनेची योजना मंजूर होऊन व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. त्या सव्वा वर्षात ग्राहकांची केवायसी पूर्ण होती आणि ॲपही चालू होते; आपली क्रिप्टो मात्र त्यांना हलवता येत नव्हती.

तरीही आपल्या म्हणण्यातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे. ज्याची एकूण रक्कम यंत्राच्या किमतीच्या दोन-चार पटींपलीकडे जात नाही, त्याने ते घेऊ नये. ज्याला कागद जपण्याची आणि पडद्यावरचा मजकूर शांतपणे वाचण्याची सवय नाही, त्याच्यासाठीही एक्स्चेंजच बरी. मात्र तिथे दुहेरी पडताळणीचा कोड ॲपवर घ्यावा, एसएमएसवर विसंबू नये.

आता बायबिट. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी तिथून इथर या क्रिप्टोची चार लाखांहून अधिक नाणी, म्हणजे सुमारे दीडशे कोटी डॉलरची मालमत्ता गेली, आणि सही करणाऱ्यांच्या हातात हार्डवेअर वॉलेट होती, हे खरे आहे. पण ती चोरी कशी झाली ते पाहिले, तर यंत्र नेमके कशापासून वाचवते आणि कशापासून वाचवत नाही, हे स्पष्ट होते. चोरांनी यंत्रातली खासगी किल्ली काढली नाही. बहुसही वॉलेटचे, म्हणजे अनेकांच्या सह्या झाल्याशिवाय न उघडणाऱ्या वॉलेटचे, जे संकेतस्थळ सह्यांसाठी वापरले जात होते, त्यातच त्यांनी घातक कोड घुसवला. त्यामुळे संगणकाच्या पडद्यावर नेहमीची रक्कम-बदली दिसत राहिली आणि यंत्राकडे सहीसाठी गेला तो निराळाच व्यवहार. यंत्राच्या छोट्या पडद्यावर त्या व्यवहाराचा उलगडा वाचता येईल अशा रूपात येत नव्हता, आणि सही करणाऱ्यांनी संगणकावर विश्वास ठेवून बटण दाबले. न वाचता केलेल्या अशा सहीला या क्षेत्रात ब्लाइंड सायनिंग म्हणतात. किल्ली इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर कधीही येऊ न देणे, एवढेच काम हे यंत्र करते आणि ते चोख करते. कशावर सही करायची, हे मात्र शेवटी माणसाने ठरवायचे असते.

म्हणूनच यंत्राच्या पडद्याचा मी लेखात वारंवार उल्लेख केला होता. साधा बिटकॉइन पाठवताना या पडद्यावर समोरच्याच्या वॉलेटचा पूर्ण पत्ता, म्हणजे अक्षरे-आकड्यांची लांब ओळ, आणि रक्कम येते. ती वाचली की बायबिटसारखा प्रसंग साध्या व्यवहारात जवळपास अशक्य होतो. कॉपी केलेला पत्ता पेस्ट करताना बदलून टाकणारे व्हायरस असतात, आणि आपल्या जुन्या पत्त्याशी पहिली-शेवटची चार अक्षरे जुळणारा पत्ता मुद्दाम तयार करून, त्यावरून किरकोळ रक्कम पाठवून, तो आपल्या व्यवहारांच्या यादीत पेरून ठेवणारे चोरही असतात. त्यामुळे सुरुवात आणि शेवट पाहून भागत नाही. मधली अक्षरेही जुळवावीत. रक्कम स्वीकारतानाही आपला पत्ता संगणकावरून न घेता यंत्राच्या पडद्यावर दाखवून घ्यावा, आधी थोडी रक्कम पाठवून ती पोहोचल्याची खात्री करावी आणि मगच उरलेली हलवावी. अनोळखी संकेतस्थळाला वॉलेट जोडून यंत्राला न उलगडणाऱ्या मजकुरावर सही करण्याची गरज ज्याला केवळ साठवण करायची आहे अशा माणसाला पडतच नाही. तो पर्याय सेटिंगमध्ये बंद ठेवावा.

यंत्र कोठून घ्यावे, याबद्दल मी लेखात आग्रही होतो आणि तो आग्रह कायम आहे. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून किंवा त्याने जाहीर केलेल्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे. वापरलेले यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. डब्यात शब्द आधीच छापलेले कार्ड किंवा आधीच ठरवलेला पिन आढळला, तर ते यंत्र सापळा आहे असे समजून बाजूला ठेवावे, कारण खरे यंत्र शब्द स्वतः तुमच्यासमोर तयार करते. सोबतचे ॲपही शोधयंत्रातल्या जाहिरातीवरून उतरवू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत ॲप-दुकानात लेजर कंपनीच्या नावाचे बनावट ॲप शिरले होते आणि त्याने लोकांचे सुमारे सहा लाख डॉलर नेले. याच कंपनीच्या सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावे, पत्ते आणि फोन क्रमांक २०२० मध्ये उघड झाले होते, आणि पुढच्या वर्षी त्यांतल्या काहींच्या घरी टपालाने नकली यंत्रे आली. यंत्र शक्यतो दुकानाच्या पत्त्यावर मागवावे, आणि कंपनीच्या नावाने येणारा फोन, पत्र किंवा ईमेल आपले शब्द विचारू लागला की तो चोराचाच आहे असे मानावे. या नियमाला एकही अपवाद नाही.

आता कागदाचा प्रश्न, ज्यावर आपण सर्वांत जास्त रागावला आहात. आपली क्रिप्टो यंत्रात नसते; तिची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर जपलेल्या सामायिक वहीत, असते आणि ती हलवण्याचा अधिकार त्या शब्दांतून निघणाऱ्या किल्लीला असतो. यंत्र हरवले, जळले किंवा ते बनवणारी कंपनीच बंद झाली, तरी तेच शब्द त्याच क्रमाने दुसऱ्या यंत्रात भरले की सर्व परत मिळते, आणि असे शब्द कसे तयार करावेत हे ठरवणारे बिप-३९ हे २०१३ सालचे मानक बहुतेक उत्पादक पाळत असल्यामुळे हे दुसरे यंत्र त्याच कंपनीचे असावे लागत नाही. काही नवी यंत्रे वीस शब्दांची निराळी पद्धत वापरतात, तेव्हा आपल्या यंत्राची पद्धत कोणती, हे त्याच कागदावर लिहून ठेवावे. शब्द २,०४८ इंग्रजी शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात आणि यादी अशी रचली आहे, की पहिल्या चार अक्षरांवरूनच शब्द निश्चित ओळखता येतो. शेवटच्या शब्दात पडताळणीचा अंश असल्यामुळे लिहिण्यातली किंवा क्रमातली चूक यंत्र बहुधा पकडते. मात्र शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांतच लिहावेत. देवनागरीत उच्चार लिहून ठेवले, तर मूळ स्पेलिंगविषयी शंका उरते आणि ती शंका दहा वर्षांनी कोणाला फेडता येणार नाही.

फोटोविषयी मी नरमाईने लिहू शकत नाही. किल्ली इंटरनेटपासून दूर राहावी म्हणून आपल्या चिरंजीवांनी पैसे देऊन यंत्र घेतले, आणि नंतर त्याच किल्लीचे संपूर्ण शब्द इंटरनेटला जोडलेल्या फोनमध्ये ठेवले. फोनमधला फोटो बहुधा आपोआप क्लाउडवर जातो, तिथून घरातल्या दुसऱ्या फोनवर किंवा दुकानातल्या संगणकावर उतरतो, आणि फोटोंमधला मजकूर वाचून असे शब्द शोधणारी घातक ॲप्स आज अस्तित्वात आहेत. शब्द एकदा चोराच्या हाती लागले, की पिन, यंत्र, बोटाचा ठसा यांतले काहीच आड येत नाही. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार जरूर करावी, पण बँक जसा व्यवहार रोखून धरू शकते तसा ब्लॉकचेनवरचा व्यवहार रोखणारे कोणी नसते.

कागद नाशवंत आहे, हे आपले म्हणणे मात्र मी गंभीरपणे घेतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात घराघरांची कागदपत्रे ढिगाऱ्याखाली गेली, आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीना आणि मांजरा यांच्या काठच्या घरांत पाणी शिरले. वाळवी तर दरसाल असतेच. म्हणून प्रती दोन असाव्यात आणि त्या दोन वेगळ्या गावांत असाव्यात. एक लातूरला आणि दुसरी, समजा, नांदेडच्या विश्वासू नातलगाकडे सीलबंद. त्यांतली किमान एक स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर कोरलेली असावी. पट्टी स्वतः कोरावी; बाजारातल्या नावे कोरून देणाऱ्याकडे शब्द नेऊ नयेत. बँकेचे लॉकर चालेल, परंतु रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांनुसार चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची लबाडी झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपुरती असते आणि भूकंप-पुरासारख्या आपत्तीत ती सहसा नसते, हे लक्षात घेऊन एकट्या लॉकरवर भिस्त ठेवू नये.

पिनबद्दल थोडक्यात लिहितो. लेजरच्या यंत्रात तीन वेळा चुकीचा पिन टाकला, की ते स्वतःला पुसून टाकते. ट्रेझॉर या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रांतही प्रयत्नांना मर्यादा आहे आणि प्रत्येक चुकीनंतर थांबण्याचा काळ वाढत जातो. चोवीस शब्दांवर आणखी एक स्वतःचा गुप्त शब्द जोडण्याची सोय असते. जानेवारी २०२० मध्ये क्रॅकन या एक्स्चेंजच्या सुरक्षा प्रयोगशाळेने तेव्हाच्या ट्रेझॉर यंत्रांतून, ती पंधराएक मिनिटे प्रत्यक्ष हाती असतील तर, शब्द काढता येतात हे दाखवले, तेव्हा बचाव म्हणून हाच उपाय पुढे आला. पण हा जादा शब्द चुकला तरी यंत्र चूक दाखवत नाही, फक्त रिकामे वॉलेट उघडते. घरातल्या एकाच माणसाला तो माहीत असेल आणि त्या माणसाचे काही बरेवाईट झाले, तर वारसांच्या हाती रिकामे वॉलेटच येईल. सामान्य कुटुंबाने या सोयीच्या वाटेला जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या चिरंजीवांनी आता काय करावे, हे आपण विचारलेले नाही. तरी ते लिहिल्याशिवाय हे उत्तर पूर्ण होणार नाही. फोटो पुसून टाकणे पुरेसे नाही, कारण त्याच्या प्रती कोठे गेल्या हे आता कोणी सांगू शकत नाही. ते चोवीस शब्द उघडे पडले असे मानून नवे शब्द तयार करावे लागतील आणि रक्कम नव्या पत्त्यावर हलवावी लागेल. दुसरे यंत्र उसने घेऊ नये. एकाच यंत्रावर हे काम असे होते: प्रथम जुने चोवीस शब्द कागदावर अचूक उतरले आहेत, याची यंत्रातल्या पडताळणीच्या सोयीने खात्री करावी. मग यंत्र पुसून नवे शब्द तयार करावेत, ते कागदावर लिहून घ्यावेत, नव्या वॉलेटचा पत्ता नोंदवून ठेवावा, यंत्र पुन्हा पुसावे आणि त्या कागदावरूनच नवे वॉलेट परत उभे करावे. नोंदवलेलाच पत्ता पडद्यावर आला तर कागद बरोबर आहे. मग यंत्रात जुने शब्द भरून आधी थोडी आणि ती पोहोचल्यावर सर्व रक्कम त्या पत्त्यावर पाठवावी, आणि शेवटी नवे शब्द पुन्हा भरावेत. हे सर्व एका निवांत दुपारी, कोणी घाई करायला नसताना करावे. स्वतःच्याच एका वॉलेटमधून दुसऱ्यात रक्कम नेणे ही विक्री नाही, त्यामुळे २०२२ पासून लागू असलेला ३० टक्के कर आणि एक टक्का टीडीएस या हलवण्यावर बसत नाही; तरी दोन्ही पत्ते आणि तारीख यांची नोंद विवरणपत्रासाठी ठेवावी. जुन्या शब्दांचा कागद लगेच फाडू नये, कारण जुन्या पत्त्यावर कोणाकडून काही येणे बाकी असू शकते. मात्र एक्स्चेंजवर पैसे काढण्यासाठी जतन केलेला जुना पत्ता त्याच दिवशी काढून तिथे नवा भरावा, आणि तो भरतानाही यंत्राच्या पडद्यावरून अक्षर न् अक्षर जुळवून घ्यावा.