सही करते, पण आधी बोलू द्या

आज सकाळी आपल्या स्लाऊच्या, म्हणजे लंडनजवळच्या आपल्या गावच्या, ग्रुपवर एक लिंक आली. पार्लमेंटच्या वेबसाइटवरचा अर्ज. वर्क व्हिसावर आलेल्यांना कायमच्या वास्तव्यासाठी पाचाऐवजी दहा वर्षं थांबायला लावू नका, अशी मागणी. खाली लिहिलं होतं, "आपल्या मुलांवर हा घोर अन्याय आहे. प्रत्येकाने सही करा, पुढे पाठवा." लिंक टाकणारे माझे सख्खे दीर.

अन्याय आहेच. नणंदेचा मुलगा २०२२ ला नोकरीवर आला, तेव्हा त्याला सांगितलं होतं पाच वर्षं. त्या हिशेबाने त्याने लग्न केलं, घर घ्यायचं ठरवलं. आता मध्येच नियम बदलायचा म्हणजे धावणाऱ्याची शेवटची रेघ उचलून दुप्पट लांब नेऊन ठेवण्यासारखं आहे. मी सही करणार, आजच करणार. पण भावोजी, २०१६ पासून घशाशी अडकलेलं आहे, ते आज बोलू द्या. तुम्ही हे वाचणार, मला माहीत आहे. वाचाच.

२३ जून २०१६, ब्रेक्झिटच्या मतदानाचा दिवस: ब्रिटनने युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं. धो धो पाऊस, विजा, लोकल ट्रेनचा बोजवारा. इथे मतपत्रिकेवर पेन्सिलीने फुली मारतात, आणि त्या दिवशी अफवा उठली होती की पेन्सिलीच्या खुणा रात्री खोडून टाकणार. भावोजींनी घरात सगळ्यांच्या हातात एकेक पेन दिला होता. आपलं मत वाया जाऊ नये एवढी त्यांना तळमळ. मत कुणाला, ते त्यांनी कधी लपवलं नाही. युरोपियन युनियनमधून बाहेर पडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल लागलेला. बाहेर पडा म्हणणारे ५१.९ टक्के, राहा म्हणणारे ४८.१. लॅबमध्ये माझी पहिली शिफ्ट असायची, म्हणून लेकीला शाळेत सोडायचं काम शेजारीण करायची. शेजारीण पोलंडची. नेहमीच्या वेळी ती दारात आली, बरोबर तिचा सात वर्षांचा मुलगा, स्लाऊमध्येच जन्मलेला. त्याने मला विचारलं, "आम्हाला आता जावं लागणार का?" मी तोंड उघडायच्या आत ती खाली वाकली आणि त्याच्या जॅकेटची चेन लावायला लागली. चेन लागलेलीच होती. तिने ती खाली ओढली, वर केली, परत खाली, परत वर. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. मग दोन्ही मुलांचे हात धरले आणि गेली.

ती इथे २००४ ला आली, पोलंड युनियनमध्ये गेलं त्याच वर्षी. वृद्धाश्रमात रात्रपाळ्या केल्या, इथल्या म्हाताऱ्यांना उठवलं-बसवलं, धुतलं-पुसलं. टॅक्स भरला. आणि या मतदानात तिला मत नव्हतं. मी तिच्या कितीतरी नंतर आले, माझा पासपोर्ट तेव्हा भारताचा, तरी मला मत होतं. कारण भारत कॉमनवेल्थमध्ये, म्हणजे मुख्यतः ब्रिटनच्या जुन्या वसाहतींच्या गटात. भारतीय, पाकिस्तानी, नायजेरियन, इथे राहणाऱ्या आपल्या सगळ्यांना मत होतं. पोलिश, रोमेनियन, स्पॅनिश, इटालियन लोकांना नव्हतं. त्यांच्या आयुष्याचा निर्णय होता आणि तो आपल्याला विचारला गेला, त्यांना नाही! म्हणून मला आपल्याच लोकांचा जास्त राग येतो. उत्तरेकडच्या, कारखाने बंद पडलेल्या गावांतल्या माणसाचा राग वेगळा, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण आपण? आपण तर स्वतः बॅग घेऊन आलेली माणसं.

स्लाऊमध्ये ५४.३ टक्के लोकांनी बाहेर पडा म्हटलं. ज्या गावात गोरे ब्रिटिश लोक निम्म्याहूनही कमी आहेत, त्या गावात. ही मतं कुठून आली ते मला कुणी सांगायला नको. हळदीकुंकवाला, वाढदिवसांना मी ते बोलणं ऐकलंय. "आपण इंजिनिअर होऊन, हजारो पौंड फी भरून येतो, आणि ते नुसतं बसमध्ये बसून येतात." "हे गेले की आपल्या लोकांना जागा होईल." तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेलबाई तर सांगत फिरत होत्या की करी हाऊस, म्हणजे इथली देशी हॉटेलं, वाचवायची असतील तर बाहेर पडा, मग भारत-बांगलादेशातून आचारी आणता येतील. आपल्यातल्या शिकल्या-सवरल्या लोकांनी ते खरं मानलं.

त्या तक्रारीत तथ्य नव्हतं असं नाही. युरोपवाल्यांना व्हिसा लागत नव्हता, आपल्याला लागत होता. भेदभाव होता, कबूल.

आणि भावोजींचं दुःख तर मी घरात राहून पाहिलंय. सासूबाई कोल्हापुरात एकट्या. २०१२ मध्ये इथले नियम असे कडक केले की म्हाताऱ्या आई-वडिलांना आणणं जवळपास अशक्य झालं. समोरच्या घरातला पोर्तुगालचा माणूस आईला सहज घेऊन आला आणि भावोजी वकिलाला पैसे देऊन नकाराचं पत्र घेऊन आले. ते पत्र वाचून ते बराच वेळ गाडीतच बसून होते, घरात आले नाहीत. सासूबाई तिकडेच गेल्या. भावोजींना अंत्यदर्शनसुद्धा मिळालं नाही. या माणसाच्या मनात काय जळत असेल, हे मला कळत नाही असं कुणी समजू नका. हे लिहितानासुद्धा माझा हात थांबतोय.

पण भावोजी, तो नियम ब्रुसेल्सने, म्हणजे युरोपियन युनियनने, केला नव्हता. तो लंडनच्या होम ऑफिसने केला, थेरेसा मे तेव्हा गृहमंत्री होत्या. युरोपने स्वतःच्या माणसांना आई आणू दिली, एवढंच. तुमची आई अडवली ती इथल्याच सरकारने. तुम्ही राग काढला तो शेजारणीवर, जिने तुमचं काहीही वाकडं केलं नव्हतं. आणि ज्या लोकांनी तुमची आई अडवली, त्यांच्याच हातात "सीमेवर ताबा" दिलात. ताबा म्हणजे आपल्यावरही ताबा, हे का नाही सुचलं कुणाला?

पोस्टर तर डोळ्यांसमोर होतं. बाहेर पडा म्हणणाऱ्यांचे पुढारी नायजेल फराजसाहेब त्याच्यापुढे उभे आणि मागे पोस्टरवर माणसांची न संपणारी रांग. त्या रांगेत पोलिश सुतार होता? स्पॅनिश नर्स होती? ते क्रोएशिया-स्लोव्हेनियाच्या हद्दीवरचे निर्वासित होते. काळे केस, सावळे चेहरे. आपल्यासारखे दिसत होते ते! ते पोस्टर आलं त्याच दिवशी जो कॉक्स या खासदार बाईंचा भर रस्त्यात खून झाला, निर्वासितांची बाजू घ्यायच्या त्या. एवढं होऊनही आपल्या ग्रुपवर एकाने लिहिलं होतं, "आपण वेगळे, आपण कायदेशीर."

निकालानंतर दोन दिवसांत लंडनमधल्या हॅमरस्मिथच्या पोलिश केंद्राच्या दारावर कुणीतरी घाण लिहून ठेवली. आणि त्याच आठवड्यात बसमध्ये एका माणसाने मला सांगितलं, "आता घरी जा." त्याने माझा व्हिसा कुठला ते विचारलं नाही. वॉर्सा की कोल्हापूर, हेही विचारलं नाही. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा भावोजी म्हणाले, "असे चार वेडे असतातच." शेजारणीला सांगितलं तेव्हा ती काहीच बोलली नाही. आत गेली, चहा टाकला, आणि मुलाला म्हणाली टीव्ही बंद कर.

कोल्हापूरचं नाव निघालंच आहे तर सांगते. माझं माहेर तिथलंच, आणि आमच्या पिढीच्या कितीतरी जणांना हे माहीतच नाही. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे ५००० माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. रशियाने सैबेरियात हाकलून दिलेली, इराणमार्गे आलेली. १९४३ ते १९४८ तिथे त्यांच्या शाळा भरल्या, चर्च उभं राहिलं. माझी आजी सांगायची, त्या बायका बाजारात यायच्या, मोडकंतोडकं मराठी बोलायच्या, आणि बाजारातल्या बायका त्यांच्या पोरांच्या हातावर गूळ ठेवायच्या. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी तिथे जाऊन आले, तेव्हा आपल्याच ग्रुपवर केवढा अभिमान ओसंडून वाहत होता. मग वळिवड्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी शेजारच्या पोलिश बाईला "जा" म्हणून मत कसं दिलं? मला कुणीतरी समजावून सांगा. खरंच सांगा, मी ऐकून घेईन.

आता मला उत्तर येईल की ब्रेक्झिटनंतर आपल्याच लोकांना व्हिसा मिळाले. हो, मिळाले. २०२१ ला शिक्षणानंतरचा दोन वर्षांचा व्हिसा परत आला, नर्सेस आल्या, केअर होममध्ये केरळपासून नागपूरपर्यंतची मुलं आली. नाकारत नाही. पण किती दिवस? २०२४ उजाडलं आणि बहुतेक विद्यार्थ्यांना नवरा-बायको आणायला बंदी. मग केअर वर्कर्सना बंदी. व्हिसाबरोबर भरायचा हेल्थ सरचार्ज वर्षाला १०३५ पौंड. जोडीदार आणायचा तर वर्षाला २९००० पौंड पगार हवा. जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्करच्या व्हिसाला ४१७०० पौंड पगार, आणि केअर वर्कर बाहेरून घेणंच बंद. आता ही दहा वर्षं. युरोपची माणसं कमी झाली, तेव्हा इथल्या राजकारणाला दाखवायला कोण उरलं? आपण उरलो.

शेजारीण अजून इथेच आहे. २०१९ ला फोनच्या अॅपवर पासपोर्ट स्कॅन करून, स्वतःचा चेहरा गोल फिरवून तिने सेटल्ड स्टेटस, म्हणजे इथे राहायची कायमची परवानगी, मिळवलं, इतक्या वर्षांनंतर. हातात साधं कार्डसुद्धा नाही, सगळं ऑनलाइन. तिची बहीण मात्र पोलंडला, व्रोत्सवाफला परत गेली. मुलगा आता सोळाचा, माझ्या लेकीच्या वर्गात. त्या सकाळबद्दल ती माझ्याशी कधी बोलली नाही आणि मीही तिला कधी विचारलं नाही की त्या चेनशी ती एवढी का झटत होती. भावोजी, दिवाळीला ती आपल्याकडे येते, तुम्ही तिला आग्रह करकरून वाढता. माणूस म्हणून तुम्ही वाईट नाही, कधीच नव्हता. म्हणूनच मला जास्त त्रास होतो.

आणि आज हे सगळं लिहायला बसले त्याचं खरं कारण वेगळंच आहे. गेल्या शनिवारी एका घरी जेवायला होतो. तिथे दोघं-तिघं म्हणत होते की पुढच्या वेळी फराजसाहेबांच्या रिफॉर्म पक्षाला मत द्यायला हरकत नाही, त्यांचा रोख फक्त समुद्र ओलांडून होडीतून येणाऱ्यांवर आहे, आपल्यावर नाही. अहो, त्यांनी सप्टेंबर २०२५ ला जाहीर सांगितलंय की कायमचं वास्तव्य ही सोयच रद्द करू. दहा वर्षंसुद्धा नाहीत, रद्द! नणंदेच्या मुलाने कुठे जायचं? ज्यांनी हे म्हटलं ते या पोस्टवर असतील, नावं घेत नाही. पण मत द्यायच्या आधी मला एक फोन करा. रात्री कितीही वाजता करा, मी उचलेन. नाहीतर पत्ता सांगा, मी घरी येते, समोर बसून बोलू.