तुमच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर : तो ट्रिगर गार्ड जस्ताचा होता

नमस्कार साहेब,

शनिवारी रात्री दुकान बंद करताना तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमच्या एअर रायफलच्या ट्रिगर गार्डवर, म्हणजे चापाभोवतीच्या वळलेल्या पट्टीवर, वाघ कोरून पंचवीस दिवसांत देतो म्हणालो आणि एक्केचाळीस दिवस लागले, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. मध्ये एक फोन करायला हवा होता, तो माझ्याकडून झाला नाही. मारबतीच्या दिवशी तुम्ही वर्ध्याहून आलात आणि शटर बंद होतं. काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते त्या दिवशी नागपूरच्या इतवारीत आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. हे आधी सांगणं माझं काम होतं.

पण तुम्ही पुढे लिहिलंय, "कारागिराला धातूच कळत नाही. वाघाच्या मिशा भुगा होऊन पडल्या. बिदरीवाले जस्तावर एवढं बारीक काम करतात, यांना का जमू नये?" हे फार लागलं. माझ्या वडिलांनी याच गादीवर बसून चाळीस वर्षं चांदीच्या ताटांवर कलम (कोरायची छिन्नी) चालवलं, मी सव्वीस वर्षं चालवतोय. रिव्ह्यू वाचणाऱ्यांना त्या गार्डची पूर्ण गोष्ट माहीत नाही, म्हणून सांगतो.

पहिल्यांदा आलात तेव्हा तुमच्या एअर रायफलला मूळचा लोखंडी पट्टीचा गार्ड होता. थोडा गंजलेला, पण धातू उत्तम. तुमच्यासमोर आतल्या बाजूने कानस लावली. ती घसरली नाही, नीट धरत होती. म्हणजे वरचा थर कडक केलेला नव्हता, कलमाचं टोक तुटायची भीती नव्हती. यावर वाघ छान उतरेल, गंज काढू आणि शेवटी ब्लूइंग (लोखंडावरचा निळसर-काळा थर) परत करून घेऊ, हे मी तेव्हाच म्हणालो होतो.

आठवड्याने तुम्ही ऑनलाइन मागवलेला चकचकीत गार्ड घेऊन आलात. लोहचुंबक त्याला चिकटला नाही. हातात ॲल्युमिनियमपेक्षा जड लागला. आतून साच्याची शिवण होती आणि पिनांचे गोल ठसे होते. जस्ताचं डाय कास्टिंग, वर क्रोमचा मुलामा. असा भाग दाबाने साच्यात ओततात. त्याची साल घट्ट असते, आत मात्र बारीक पोकळ्या राहतात. ठसठशीत रेष निघते, पण मिशांसारख्या केसाएवढ्या रेषा शेजारी शेजारी घेतल्या की मधली भिंत ढासळते आणि कडेने मुलामा सुटतो. लोखंडात तीच कड ताठ उभी राहते. डोळ्यात सोन्याची तार हवी होती, तीही याच कारणाने झाली नाही. खाच तळाशी रुंद करून तिच्या कडांनी तार पकडून ठेवावी लागते, आणि इथे कडाच टिकत नव्हत्या.

आता बिदरी, म्हणजे बिदरची काळ्या धातूत चांदी जडवलेली भांडी. तिचा धातू मुख्यतः जस्ताचाच, थोडं तांबं घातलेला, हे तुमचं बरोबर आहे. पण ते कारागीर भांडं मातीच्या साच्यात स्वतः ओततात, घासून स्वच्छ करतात, वर मुलामा नसतो. खाचेत चांदी ठोकून बसवतात आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती वापरून धातू काळा करतात. तिथे डोळ्याला दिसते ती भरलेली चांदी. तुमच्या वाघाला रिकामी रेष हवी होती. त्या लोकांचं नाव घेऊन मला कमी लेखलंत, याचं वाईट वाटलं.

हे सगळं मी काउंटरवर सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "करून टाका न भाऊ, माझी जबाबदारी." तुमच्या पावतीवर माझ्या हातचं लिहिलेलं आहे : जस्ताचा भाग, बारीक रेषा टिकणार नाहीत. तरीही मी काम घ्यायला नको होतं, एवढं मान्य करतो.

रायफलच्या सिलिंडरवर कोरायला नकार दिला तो आळसामुळे नाही. त्याच्या आत पिस्टन धावतो, नळीची भिंत कापून पातळ करणं बरोबर नाही. शिवाय कंपनीचा नंबर तिथेच आहे आणि नंबराला मी हात लावत नाही. तुमचा रिव्ह्यू वाचून काहींनी लायसन्सच्या रायफलीबद्दल फोन केले, म्हणून इथेच सांगतो, ते काम मी घेत नाही. शस्त्र नियम 2016 प्रमाणे परवाना न लागणाऱ्या, 4.5 मिमीच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर रायफलींचेच भाग घेतो.

3,800 रुपयांना तुम्ही लूट म्हणालात. त्यात नऊ दिवसांची बैठक आहे, एवढंच बोलतो.

यापुढे भाग योग्य नसेल तर काम परत करू, तारखांकडेही जास्त लक्ष देऊ. तुमचा जुना लोखंडी गार्ड अजून घरी असेल तर घेऊन या. वाघ पुन्हा कोरून देतो, मजुरी घेणार नाही, फक्त ब्लूइंगचा खर्च तुमचा. वाघ नको असेल तर दस्त्याच्या लाकडात बसवायला जर्मन सिल्व्हरची छोटी लंबगोल पट्टीही चांगली दिसते, तिच्यावर नाव सुरेख उमटतं. येण्याआधी एक फोन करा. रविवारी दुकान बंद असतं.